प्रत्येक मुलाला अर्धा सामना



फुटबॉलचे नियम हा कुटुंबाच्या पानावरचा विषय आहे काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. परंतु आज आम्ही ज्या नियमांविषयी लिहीत आहोत ते मोठमोठ्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या खेळाडूंचे नाहीत. पाच-सहा वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतची मुलेमुली निव्वळ हौसेने खेळतात, त्यांच्या लीगचे हे नियम. आणि ते अमलात आणणारे प्रशिक्षक, पंच, हिशेब ठेवणारे हे बहुतेक त्या मुलांचे आईवडीलच असतात. म्हणून हा विषय घरातलाच आहे असे आम्ही समजतो.

आधी आपल्याकडचे चित्र पाहू. सुटीच्या दिवसांत वस्तीत मुलांचे सामने भरतात. तरुण मंडळ वर्गणी काढते, चषक आणते, टी-शर्टावर नावे छापते. संघाच्या यादीत चौदा-पंधरा नावे असतात. त्यातली सात-आठ मुले खेळतात. उरलेली नवा टी-शर्ट घालून दिवसभर रेषेबाहेर उभी राहतात. कुणी पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, कुणी चपलांच्या ढिगावर लक्ष ठेवतो. संध्याकाळी आई विचारते, "काय रे, जिंकलात का?" पोरगा म्हणतो, "हो, आपण जिंकलो." तू खेळलास का, हे ती विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

यात कुणाची दुष्टबुद्धी असते असे मुळीच नव्हे. मंडळाचा दादा त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "पुढच्या सामन्यात घेऊ तुला." पुढचा सामना उपान्त्य फेरीचा निघतो, मग धोका कसा पत्करायचा? त्यापुढचा तर अंतिमच. चषक मंडळाच्या कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी ते मूल नाव द्यायलाच येत नाही. त्याला खेळ आवडत नाही, असे आपण म्हणून मोकळे होतो.

याच दुखण्यावर अमेरिकेतील एका संस्थेने साधा इलाज शोधला आणि तो साठ वर्षे चालवून दाखवला. अमेरिकेत फुटबॉल म्हटले की हातात चेंडू घेऊन पळण्याचा वेगळाच खेळ समजतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथे सॉकर म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्लंडमधला; 'असोसिएशन फुटबॉल' या नावातील असोसिएशनचा विद्यार्थ्यांनी केलेला तो अपभ्रंश. १९६० च्या आसपास त्या देशात हा खेळ मुख्यतः बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचा मानला जाई. १९६४ साली कॅलिफोर्निया राज्यातील टॉरन्स या गावी काही मंडळींनी मुलांसाठी 'अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन' ही संस्था काढली. सुरुवातीला संघ होते अवघे नऊ. पुढे तिच्या शाखा देशभर पसरल्या आणि लाखो मुले तिच्या मैदानांवर खेळून मोठी झाली.

या संस्थेचे पहिले तत्त्व म्हणजे सगळे खेळतील. एवढे लिहून ते थांबले असते तर त्या वाक्याला भिंतीवरच्या सुविचाराइतकीच किंमत राहिली असती. 'सर्वांना संधी दिली जाईल' असे आपल्या पत्रकांतही छापलेले असतेच. त्यांनी त्या वाक्याला माप लावले. संघाच्या यादीत नाव असलेले प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ मैदानावर असलेच पाहिजे. प्रत्येक सामन्यात, हे लक्षात घ्यावे. चार सामने बसवून पाचव्यात पूर्ण खेळवला आणि सरासरी काढून दाखवली, हे चालत नाही. अंतिम सामना आहे, समोरचा संघ तगडा आहे, ही सबब चालत नाही. मूल आजारी पडले, त्याला लागले, पंचाने बाहेर काढले किंवा ते उशिरा आले, तरच हिशेब बदलतो.

आता हे मोजायचे कसे? इथे आमच्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसाला या लोकांचे फार कौतुक वाटले. प्रत्येक सामन्याआधी प्रशिक्षक एक कार्ड भरून पंचाच्या हाती देतो. त्यावर संघातील सर्व मुलांची नावे आणि नंबर असतात आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने. सामन्याचे दोन अर्ध, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग, असे चार भाग. प्रत्येक अर्धाच्या मधोमध खेळ थांबला की पंच बदली खेळाडू आत घेतो आणि त्या भागात कोणते मूल बाहेर बसले त्याच्या नावापुढे खूण करतो. सामना संपला की कार्ड हातात घेऊन कुणीही सांगू शकतो, कोण किती खेळले. एका नावापुढे तीन खुणा दिसल्या की नियम मोडला. त्यासाठी भांडण नको, साक्षीपुरावा नको, कुणाच्या आईने प्रशिक्षकाकडे जाऊन अजिजी करायला नको. अलीकडे काही ठिकाणी मोठ्या मुलांच्या सामन्यांत केव्हाही बदली करू देतात, पण तिथेही मिनिटांचा हिशेब ठेवायला स्वतंत्र माणूस बसवावा लागतो.

कार्यालयात मस्टरला जे स्थान असते तेच या कार्डाला आहे. साहेब चांगला असला काय आणि वाईट असला काय, मस्टरवर सही असली की हजेरी लागते. प्रशिक्षक चांगला असेल अशी आशा करून ही मंडळी बसली नाहीत. प्रशिक्षकाचा स्वतःचा मुलगाही संघात असतो, त्याला जिंकायचेही असते, शेजाऱ्याचे मनही मोडवत नाही. अशा माणसाच्या चांगुलपणावर संघातल्या सर्वांत अशक्त पोराचा खेळ अवलंबून ठेवायचा नाही, असे त्यांनी ठरवले. लिहून ठेवलेल्या हक्काची किंमत आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय राहवले नाही. समजा, मैदानावर एका बाजूला सात मुले आहेत आणि सामन्याचे चार भाग आहेत. म्हणजे एकूण जागा झाल्या साती चोक अठ्ठावीस. यादीत नऊ मुले असतील तर प्रत्येकाला तीन भाग मिळतात आणि एक जागा उरते, म्हणजे एकाला पूर्ण सामना. यादीत दहा असतील तर आठ जणांना तीन-तीन आणि दोघांना दोन-दोन. चौदा असतील तर बरोबर दोन-दोन, म्हणजे प्रत्येकाला काटेकोर अर्धा सामना. पंधरावे नाव यादीत घातले की मात्र गणित कोसळते. तीस जागा हव्यात आणि आहेत अठ्ठावीस. कुणाच्या तरी वाट्याला अर्ध्याहून कमी खेळ येणारच, मग प्रशिक्षक कितीही न्यायी असो. तेव्हा मैदानावर जितकी मुले त्याच्या दुपटीहून जास्त नावे यादीत घ्यायचीच नाहीत, हा नियम आपोआप निघतो. अमेरिकन लीगमध्ये तर सात जणांच्या खेळाला साधारण दहाच्या आसपासच नावे ठेवतात. जास्त मुले आली तर एक संघ आणखी काढायचा. आपल्याकडे "एक नाव वाढवा हो, पोरगं रडतंय" म्हणून यादी वाढते, आणि त्या मुलावर उपकार केल्याच्या समाधानात आपण त्याला रेषेबाहेर उभे करतो.

अनेक शाखांत याच्यापुढचा एक नियम आहे, आणि तो आम्हाला मूळ नियमापेक्षाही शहाणपणाचा वाटतो. संघातल्या सर्व मुलांचे तीन-तीन भाग झाल्याशिवाय कुणाही एका मुलाला चारही भाग खेळवायचे नाही. म्हणजे चपळ पोरगा आहे म्हणून त्याला बसवायचेच नाही, हा मार्ग बंद. त्यालाही पंधरा मिनिटे बाहेर बसून दुसऱ्याचा खेळ पाहावा लागतो. एरवी अशा पोराला बाकावर बसणे म्हणजे काय ते कधी कळतच नाही.

संस्थेचे दुसरे तत्त्व, ज्याला यायचे त्याने नाव नोंदवावे. निवड चाचणी नाही. तिसरे, संघ तुल्यबळ हवेत. हंगाम संपला की प्रत्येक प्रशिक्षक आपल्या संघातील मुलांना त्यांच्या खेळाप्रमाणे गुण देतो आणि पुढच्या वर्षी त्या गुणांवरून सगळी मुले पुन्हा वाटून नवे संघ तयार करतात. जिंकलेला संघ जसाच्या तसा पुढे नेता येत नाही. आपल्या मंडळांना हे पटणे अवघड आहे हे आम्ही जाणतो. आपल्याकडे गल्लीचा संघ म्हणजे गल्लीची अब्रू. परंतु एका गल्लीत पंधरा तगडी मुले आणि दुसऱ्या गल्लीत सगळी दुसरी-तिसरीतली, असा सामना लावून नऊ-शून्य असा निकाल लागला तर त्यात कुणाची अब्रू वाढते? निदान दहा वर्षांखालच्या मुलांना तरी गल्लीच्या अब्रूतून मोकळे करावे.

वयाचा दाखला ही तिथेही डोकेदुखी आहेच. जन्मतारखेची सीमा कुठे आखायची यावर त्यांचे वाद चालतात, कारण एकाच गटात सीमेनंतर लगेच जन्मलेले मूल आणि पुढच्या सीमेच्या तोंडावर जन्मलेले मूल यांत जवळपास वर्षाचे अंतर पडते आणि आठव्या वर्षी एका वर्षात मूल चांगलेच वाढते. गेली काही वर्षे जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब होता. तो बदलून २०२६-२७ च्या हंगामापासून शाळेच्या वर्षाला धरून १ ऑगस्टची सीमा ठेवायचे तिथल्या मोठ्या संस्थांनी ठरवले, म्हणजे एका वर्गातले मित्र एका गटात येतील. आपल्याकडे तर मास्तरांनी कित्येक पिढ्यांना १ जूनलाच जन्माला घातले आहे. तेव्हा दाखल्याबरोबर मुलाची उंची आणि दातही पाहावेत, असे आमचे मत.

आता प्रत्यक्ष मैदानावरचे नियम. फुटबॉलचे कायदे सतरा आहेत आणि ते १८८६ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल मंडळ ठरवते. परंतु मुलांसाठी मैदानाचा आकार, चेंडूचा आकार व वजन, गोलपोस्टची उंची-रुंदी, सामन्याचा वेळ आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणे, यांत बदल करण्याची मुभा हे कायदेच देतात. त्यामुळे मुलांचे नियम सोपे केले म्हणजे खेळ भ्रष्ट केला, असे कुणी म्हणू नये. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. चार फूट उंचीच्या पोराला त्याखाली उभे करणे म्हणजे त्याची थट्टाच. २०१७ पासून अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने वयाप्रमाणे मापे ठरवून दिली आहेत. आठ वर्षांपर्यंत एका बाजूला चारच मुले, मैदान लांबीला फार तर ३५ यार्ड, गोल चार फूट उंच आणि सहा फूट रुंद. नऊ-दहा वर्षांना सात-सात मुले आणि पंचवीस मिनिटांचे दोन भाग. अकरा-बारा वर्षांना नऊ-नऊ मुले आणि तीस मिनिटांचे दोन भाग. अकरा-अकरा जणांचा पूर्ण खेळ त्यानंतर.

चारच मुले का? साधी गोष्ट आहे. चेंडू एकच असतो. बावीस मुलांत एक चेंडू असला तर संघातली दोन धीट मुले तो आपसांत ठेवतात आणि बाकीची मागे धावत राहतात. आठ मुलांत तो प्रत्येकाच्या पायाशी येतोच, त्याला टाळताच येत नाही.

या सर्वांत लहान गटात गोलकीपर नसतो. हे वाचून आम्हाला बरे वाटले. आपल्याकडे ज्या मुलाला कुणी घेत नाही, जो जाड आहे किंवा हळू पळतो, त्याला गोलकीपर करतात. मग गोल झाला की सगळे त्याच्याकडे पाहतात. सात वर्षांच्या पोराच्या माथी हा भार नकोच. या गटात ऑफसाइडही नाही. पंच एखाद्या काकासारखा मुलांत वावरतो. चूक झाली तर शिट्टी मारून समजावून सांगतो आणि खेळ पुढे चालू करतो. नऊ-दहा वर्षांच्या गटात गोलकीपर येतो, पण त्याच्या हातात चेंडू असला की समोरच्या संघाने मैदानात आखलेल्या एका रेषेमागे सरकायचे असते, म्हणजे त्याला चेंडू शांतपणे आपल्या जवळच्या गड्याकडे देता येतो. हातातला चेंडू लाथेने उंच उडवून लांब भिरकावायला त्या वयात बंदी आहे. सगळा सामना दोन तगड्या गोलकीपरांच्या लाथांचा होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

डोक्याने चेंडू मारण्याचा नियम मात्र आयांनी लक्ष देऊन वाचावा. २०१४ साली अमेरिकेत काही पालकांनी व खेळाडूंनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा दाखल केला, की मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजेकडे फुटबॉलच्या संस्था दुर्लक्ष करीत आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. तेव्हापासून दहा वर्षे व त्याखालच्या मुलांनी डोक्याने चेंडू मारायचा नाही, सरावातही नाही आणि सामन्यातही नाही. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सरावात त्यावर मर्यादा आहे. लहान मुलाने मुद्दाम डोके लावले तर चेंडू दुसऱ्या संघाला देतात. इंग्लंडनेही २०२४-२५ च्या हंगामापासून सात ते नऊ वर्षांखालच्या गटांत ही बंदी सुरू केली आणि ती एकेक वर्षाने अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत नेण्याचे ठरवले. टीव्हीवर पाहून पोरे भिंतीवर चेंडू आपटून डोक्याने मारण्याचा सराव करतात. त्यांना आवरावे. दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळून होणारी इजा तर त्याहून वाईट. मुलाचे डोके आपटले आणि ते घुटमळू लागले, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले किंवा त्याला उलटी झाली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात सोडू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावे.

मुलींविषयी. या संस्थेने १९७१ साली मुलींचे सामने सुरू केले. शिक्षणसंस्थांत मुलींना खेळात समान संधी मिळवून देणारा अमेरिकेचा कायदा त्यानंतर एका वर्षाने, १९७२ मध्ये आला. अमेरिकेच्या महिला संघाने २०१५ आणि २०१९ चा विश्वचषक जिंकला, त्या संघातली प्रसिद्ध खेळाडू ॲलेक्स मॉर्गन चौदाव्या वर्षापर्यंत याच संस्थेच्या हौशी लीगमध्ये खेळत होती. सर्वांना खेळवल्याने गुणी मूल मागे पडते, असे म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे पाहावे. १९९१ पासून संस्थेने अपंग मुलांसाठीही वेगळा विभाग चालवला. तिथे प्रत्येक मुलाच्या सोबतीला एक धडधाकट मूल किंवा मोठा माणूस मैदानात उतरतो.

मुलगे-मुली एकत्र खेळतात तिथे मात्र एक अडचण उरते. मुलगी मैदानावर असते, कार्डावर तिची वेळही भरते, पण तिच्याकडे चेंडू कुणी देत नाही. कार्डाला हे दिसत नाही. यावरचा उपाय आम्हाला अगदी दुसऱ्या देशात सापडला. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या वेळी तिथे असलेल्या युर्गन ग्रिसबेक या जर्मन गृहस्थाने पुढे त्याच शहरात, टोळ्यांच्या भांडणात सापडलेल्या तरुणांसाठी वेगळे सामने सुरू केले. संघात मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. मग काय, कालपर्यंत जी मुले तिच्याकडे पाहत नव्हती ती तिला चेंडू देऊ लागली. तिला खेळ शिकवणे ही त्यांचीच गरज झाली. मुलांना समानतेवर भाषण द्यावे लागले नाही. आपल्या वस्तीत हा नियम लावून पाहण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी पोरे कुरकुर करतील. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली कोणती मुलगी जोरात पळते याची चौकशी करू लागतील.

रेषेबाहेरच्या मोठ्या माणसांसाठीही नियम आहेत. आईवडिलांनी ठरलेल्या बाजूला बसायचे, गोलच्या मागे कुणी उभे राहायचे नाही, पंचाशी वाद घालायचा नाही. तिकडचे बापही आपल्यासारखेच आहेत. "पास दे, मार, मागे ये" असा एकच गलका करतात आणि मूल चेंडू सोडून बापाकडे बघते. १९९९ साली ओहायो राज्यातील मुलींच्या एका लीगने एक दिवस असा पाळला की प्रेक्षकांनी तोंडातून शब्दच काढायचा नाही. ती प्रथा पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. काही ठिकाणी त्या दिवशी पालकांना चघळायला लॉलीपॉप देतात म्हणे. आपल्याकडे त्या जागी सुपारी चालेल, असे कुणी म्हणू नये. मुलांच्या मैदानावर सुपारी-तंबाखू नकोच.

लहान गटांत गोल मोजायचे नाहीत, गुणतक्ता लावायचा नाही, अशीही पद्धत आहे. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांखालच्या गटांपर्यंत निकाल छापत नाहीत. इथे आमचे मन पूर्ण वळत नाही. मोठ्यांनी मोजले नाहीत तरी मुले मोजतातच, आणि तीन-दोन ने हरलो हे त्यांना नीट ठाऊक असते. हरण्याचे दुःख मुलाला सोसते, संध्याकाळी भेळ खाऊन ते विसरते. खेळायलाच मिळाले नाही हे मात्र विसरत नाही. म्हणून गोल मोजावेत की न मोजावेत यावर मंडळात वाद झाला तर तो खुशाल होऊ द्यावा, मुलांच्या वेळेचा हिशेब मात्र सोडू नये.

अमेरिकेचे सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. नाव कुणीही नोंदवावे हे खरे, पण फी असते. हौशी लीगची फी त्यातल्या त्यात परवडणारी. पुढे चांगले खेळणाऱ्या मुलांचे जे खासगी क्लब आहेत त्यांचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेर जातो, आणि त्यावर त्या देशातच टीका होते. दार उघडे ठेवले आणि उंबरठा उंच केला, तर ते दार कुणासाठी उघडे राहिले? या बाबतीत आपल्या नागपूरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीने फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि २००१ साली त्यांच्यासाठी सामने भरवायला सुरुवात केली. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट त्यांच्या कामावर आधारलेला आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'गोल्डन बेबी लीग' सुरू केल्या. म्हणजे लहान मैदान, लहान संघ ही कल्पना आपल्या देशात आता परकी राहिलेली नाही.

तेव्हा यंदाच्या सुटीत ज्या मंडळांना मुलांचे सामने भरवायचे असतील त्यांनी चषकाआधी एक दोनशे पानी वही आणावी. प्रत्येक सामन्याला एक पान. डावीकडे नावे, पुढे चार रकाने. रकाना भरण्याचे काम मंडळाच्या अध्यक्षाकडे किंवा प्रशिक्षकाकडे देऊ नये; नववी-दहावीतली एखादी मुलगी किंवा घड्याळ नीट कळणारी एखादी ताई बसवावी. सामना संपला की दोन्ही संघांच्या माणसांनी पानावर सह्या कराव्यात आणि वही मैदानावरच कुणालाही पाहायला ठेवावी. बाप कामावरून उशिरा आला तरी त्याला पान उलटून बघता आले पाहिजे.

साहित्याविषयी थोडे. सामन्याआधी पंचाने मुलांच्या हातातली कडी, गळ्यातली साखळी, कानातले काढायला लावावे. वर चिकटपट्टी लावून चालत नाही, असे मूळ कायद्यातच आहे. म्हणून मुलींची कानातली घरीच काढून ठेवावीत म्हणजे मैदानावर हरवणार नाहीत. बांबूचे किंवा लोखंडी गोलपोस्ट जमिनीत पक्के रोवावेत आणि पोरांना आडव्या दांड्याला लोंबकळू देऊ नये. पोस्ट अंगावर पडून मुलांचे जीव गेले आहेत. चेंडू वयाप्रमाणे घ्यावा. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो, तो तेराव्या वर्षापासून. नऊ ते बारा वर्षांना चार नंबरचा, सुमारे ३५० ते ३९० ग्रॅमचा. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, तो साधारण तीनशे ग्रॅम भरतो. नंबर चेंडूवरच छापलेला असतो. दुकानदार पाच नंबरचाच पुढे करील, कारण तोच जास्त खपतो. लहान मुलांसाठी तीन नंबरचा मागून घ्यावा.